किनाऱ्यालगतची सलग पायवाट कशी तयार होते?

नागपूरहून कोकणात सुट्टीला गेलेले कुटुंब पुळणीवर उतरते, एका टोकापर्यंत चालत जाते आणि तिथून परत फिरते. पुढे कातळ असतो, खाडी असते, कोणाच्या तरी वाडीचे कुंपण असते किंवा एखाद्या जेटीचे बंद फाटक असते. गुहागरची पुळण लांबलचक आहे, पण तिच्याही उत्तरेला अंजनवेलचा वीजप्रकल्प आणि त्यापलीकडे दाभोळची खाडी आहे. महाराष्ट्राचा किनारा साधारण ७२० किलोमीटरचा आहे असे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. पण त्यावरून सलग चालत जाता येईल का, हा प्रश्न आपल्याकडे फारसा कोणी विचारलेला नाही.

काही देशांनी तो विचारला. वेल्समध्ये ५ मे २०१२ रोजी संपूर्ण किनाऱ्यालगत जाणारी, सुमारे १,४०० किलोमीटर लांबीची पायवाट लोकांसाठी खुली झाली. इंग्लंडने २००९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. जपानने २०११ च्या त्सुनामीत उद्ध्वस्त झालेल्या ईशान्य किनाऱ्यावर मिचिनोकू नावाची हजार किलोमीटरहून लांब पायवाट आखली आणि ती २०१९ मध्ये पूर्ण केली. या सगळ्या कामांत दगडमातीचे काम तुलनेने थोडे होते, कारण किनाऱ्यावरची बरीचशी वाट लोकांच्या पायांनी आधीच पाडलेली असते. खरे काम होते ते तुटलेल्या जागा सांधण्याचे, म्हणजेच जिथे एका मालकाची हद्द संपून दुसऱ्याची सुरू होते तिथून जाण्याचा हक्क निर्माण करण्याचे. शंभर किलोमीटरपैकी नव्याण्णव मोकळे आणि मधला एक बंद असेल, तर चालणाऱ्याच्या हाती शंभर किलोमीटरची वाट येत नाही. दोन वेगवेगळ्या वाटा येतात आणि त्यांच्यामध्ये बहुधा एक धोकादायक हमरस्ता येतो.

भरतीरेषेच्या अलीकडे आणि पलीकडे

किनारा कोणाच्या मालकीचा, या प्रश्नाला महाराष्ट्रात बरेच स्पष्ट उत्तर आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा भरतीरेषेखालचा तळ, तसेच नद्या, नाले, सरोवरे आणि तलाव यांचे तळ, इतर कोणाची मालकी सिद्ध होत नसेल तर, राज्य शासनाच्या मालकीचे असतात. भरतीरेषेच्या वर मात्र नारळी-पोफळीच्या वाड्या, घरे, देवळे, रिसॉर्ट आणि कारखाने यांच्या खाजगी किंवा संस्थांच्या जमिनी लागतात.

अडचण इथूनच सुरू होते. शासनाच्या मालकीची जी पट्टी आहे ती दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी नेहमीपेक्षा बरेच वर चढते. म्हणजे सार्वजनिक जमिनीवरूनच चालायचे ठरवले तर वाट ओहोटीपुरती मिळते, आणि तीही सपाट पुळण असेल तिथेच. जिथे कडा थेट पाण्यात उतरतो तिथे तीही नाही. कायम चालता येईल अशी वाट हवी असेल तर ती भरतीरेषेच्या वरूनच न्यावी लागते, आणि तिथली जमीन दुसऱ्याची असते. किनाऱ्यावरच्या पायवाटेचा सगळा वाद या काही मीटरच्या पट्टीभोवती फिरतो.

दुसरी गोष्ट अनेकांना चकित करते. जमीन शासनाची असली म्हणून तिच्यावरून चालण्याचा हक्क आपोआप मिळतोच असे नाही. इंग्लंडमध्ये भरती-ओहोटीच्या पट्ट्याचा जवळपास अर्धा भाग राजसत्तेच्या नावाने सांभाळल्या जाणाऱ्या मालमत्तेत येतो; तरीही १८२१ च्या एका गाजलेल्या खटल्यात तिथल्या न्यायालयाने समुद्रस्नानासाठी किनारा ओलांडून जाण्याचा सर्वसाधारण हक्क जनतेला नाही, असा निकाल दिला होता. लोक पिढ्यानपिढ्या चालत राहिले ते कोणी अडवले नाही म्हणून. भारतात चित्र थोडे वेगळे आहे. बियास नदीच्या पात्राशी संबंधित, एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक विश्वस्ततेचे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग मानले. समुद्र, वाहते पाणी, हवा आणि वने यांचे शासन हे विश्वस्त आहे, ते मनाला येईल तसे खाजगी हातांत देऊ शकत नाही, असा त्याचा गाभा आहे. पण विश्वस्ताने ठेव सांभाळणे आणि ठेवीच्या कडेने वाट काढून देणे यांत अंतर राहतेच.

पांदण आपल्याला ठाऊक आहे

विदर्भातल्या वाचकाला हा प्रश्न समजायला कोकणात जावे लागत नाही, कारण पांदणीचा वाद इथल्या प्रत्येक तालुक्यात आहे. नकाशावर पांदण असते, आजोबांच्या वेळी त्यातून बैलगाडी जायची, पुढे दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी ती दरवर्षी नांगराच्या एका तासाएवढी कुरतडली, आणि एखाद्या पावसाळ्यात कोणीतरी काट्या टाकून ती बंद केली. वरच्या आणि खालच्या शेतकऱ्यांची पांदण शाबूत असली तरी मधल्या एकाने अडवल्यावर सगळ्यांचा माल शेतातच अडकतो. किनाऱ्यावरची वाट अशीच तुटते.

फरक आहे तो दाद मागण्यात. शेतरस्त्यासाठी जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, आणि चालू रस्ता अडवला असेल तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाचा आधार घेता येतो. मात्र कलम १४३ चा अर्ज करणाऱ्याकडे स्वतःची जमीन असावी लागते. भारतीय सुखाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये वीस वर्षांच्या अखंड वहिवाटीने मिळणारा वाटेचा हक्कही सहसा एखाद्या जमिनीच्या उपभोगासाठी असतो. किनाऱ्यावरून फिरणाऱ्या माणसाची तिथे गुंठाभरही जमीन नसते. तो आज इथे आहे, उद्या पुढच्या गावात. त्यामुळे त्याचा हक्क एक तर त्या ठिकाणच्या जुन्या रूढीवर टिकतो, नाही तर सरळ कायदा करून द्यावा लागतो.

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने या दोन्ही आधारांचा उपयोग केला. तिथे १९१३ मध्ये गव्हर्नर ऑस्वल्ड वेस्ट यांच्या काळात भरती-ओहोटीचा ओला पट्टा सार्वजनिक हमरस्ता म्हणून जाहीर झाला. किनाऱ्यावर चांगले रस्ते नव्हते आणि लोक ओल्या वाळूवरूनच वाहने नेत, म्हणून ही युक्ती सुचली. पण कोरड्या वाळूचे काय, हा प्रश्न राहिला. १९६० च्या दशकात एका मोटेलच्या मालकाने आपल्यासमोरची कोरडी वाळू पाहुण्यांपुरती राखून ठेवली, तेव्हा ओरड झाली आणि १९६७ मध्ये झाडोरा सुरू होतो त्या रेषेपर्यंतची वाळू लोकांना फिरण्यासाठी खुली ठेवणारा कायदा झाला. पुढे १९६९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, लोक फार पूर्वीपासून ही वाळू वापरत आले आहेत या रूढीच्या आधारावर, तो हक्क उचलून धरला. जमिनीची मालकी मालकाकडेच राहिली. कुंपण घालण्याचा अधिकार तेवढा गेला.

तीन देशांचे तीन मार्ग

फ्रान्सचा मार्ग सर्वांत थेट आहे. ३१ डिसेंबर १९७६ च्या कायद्याने समुद्राच्या सार्वजनिक हद्दीला लागून असलेल्या खाजगी जमिनींवर तीन मीटर रुंदीचा पट्टा पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवण्याचे बंधन घातले. जमीन संपादित केली नाही, सातबारा बदलावा तसे काही केले नाही. मालकावर फक्त एक बोजा चढवला. जुन्या घरांच्या अगदी जवळून, म्हणजे १९७६ पूर्वीच्या राहत्या घरापासून पंधरा मीटरच्या आतून, हा पट्टा सहसा जात नाही. पूर्वी चोरटी आयात रोखण्यासाठी जकातीचे शिपाई किनाऱ्यावरून गस्त घालत आणि त्यांच्या गस्तीने पडलेल्या वाटा अनेक ठिकाणी आधीच तयार होत्या, ही फ्रान्सची जमेची बाजू. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाची हजार किलोमीटरहून थोडी लांब पायवाटही अशाच तटरक्षकांच्या गस्तीतून जन्मली आहे. त्या शिपायांना प्रत्येक खोबणीत डोकवावे लागे, म्हणून या वाटा पाण्याला इतक्या चिकटून जातात.

वेल्सने मन वळवण्याचा मार्ग घेतला. आधीच्या पाऊलवाटांचे कायदेशीर हक्क एकत्र केले, स्थानिक संस्थांनी एकेका मालकाशी करार केले आणि जिथे जमले नाही तिथे वाट आतल्या रस्त्याने वळवली. त्यामुळे काम तुलनेने लवकर झाले, पण काही टप्प्यांवर चालणाऱ्याला समुद्र दिसतच नाही. पेम्ब्रोकशरमध्ये लष्कराच्या सराव क्षेत्रातून जाणारा टप्पा गोळीबाराच्या दिवशी बंद असतो आणि त्या दिवशी लांबचा फेरा घ्यावा लागतो. मला यात गैर काही वाटत नाही. आतून वळसा घालणारी वाट ही तुटलेल्या वाटेपेक्षा केव्हाही चांगली.

इंग्लंडचा २००९ चा सागरी व किनारा प्रवेश कायदा या सर्वांत जास्त विचार करून केलेला आहे, आणि म्हणून सर्वांत संथही. नॅचरल इंग्लंड या संस्थेवर सबंध किनाऱ्याचा मार्ग आखण्याचे कर्तव्य टाकले गेले. संस्था एकेक टप्पा पायी पाहते, मालकांशी बोलते, अहवाल प्रसिद्ध करते. मालकांना आठ आठवड्यांत हरकत घेता येते, निरीक्षक त्या हरकती तपासतो आणि शेवटचा निर्णय मंत्री घेतो. वाटेचा मुख्य पट्टा साधारण चार मीटरचा, म्हणजे मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना दोन दोन मीटर. शिवाय वाट आणि समुद्र यांच्यामधली बरीचशी जमीनही लोकांना टेकायला, डबा खायला, पाण्यापर्यंत उतरायला खुली होते. घरे, अंगणे आणि बागा यांतून वगळल्या आहेत. मालकाला या हक्काबद्दल भाडे मिळत नाही, पण कोणी कड्यावरून घसरले किंवा खडकावर पडले तर त्या नैसर्गिक धोक्याची जबाबदारी मालकावर येत नाही, अशी तरतूद आहे. ही तरतूद वरवर किरकोळ दिसते. प्रत्यक्षात वाट द्यायला नकार देणाऱ्या मालकाच्या मनात बहुधा हीच भीती असते, आपल्याकडेही.

पहिला टप्पा वेमथच्या उपसागराजवळ २०१२ च्या ऑलिम्पिक नौकास्पर्धांच्या तोंडावर खुला झाला. सगळे काम २०२० पर्यंत संपवायचे ठरले होते, ते संपले नाही. पक्ष्यांच्या अधिवासांवर होणाऱ्या परिणामांची तपासणी अधिक काटेकोर करावी लागली आणि हरकतींचा निपटाराही लांबला. सुमारे ४,३०० किलोमीटरच्या वाटेवर प्रत्येक मालकाचे म्हणणे ऐकून घ्यायचे म्हटल्यावर एवढा वेळ जाणारच.

वाट सरकते तेव्हा

किनाऱ्याची पांदणीशी तुलना एका ठिकाणी अपुरी पडते. पांदण जागची हलत नाही, किनारा हलतो. इंग्लंडच्या पूर्वेला होल्डरनेस नावाचा मातीचा किनारा आहे, तो वर्षाला सरासरी दीड ते दोन मीटर मागे सरतो. नकाशावर एकदा रेषा मारून तिला कायम ठेवले, तर दहा-पंधरा वर्षांत ती वाट हवेत लटकेल आणि हक्क कागदावर राहील. पूर्वी असे झाले की वाट नव्याने जाहीर करण्यासाठी सगळी प्रक्रिया पुन्हा करावी लागे. नव्या कायद्याने अहवालातच अशी सोय ठेवली की, कडा ढासळला तर वाट त्याच्याबरोबर आत सरकेल आणि त्यासाठी मंत्र्यांकडे पुन्हा जावे लागणार नाही. माझ्या मते इंग्लंडच्या कायद्यातला सर्वांत दूरदृष्टीचा भाग हाच आहे, कारण यात हक्क जमिनीच्या एका तुकड्याला न बांधता समुद्राच्या काठाला बांधला आहे.

खाडी हा दुसरा पेच. इंग्लंडच्या कायद्याने वाट नदीच्या मुखातून आत, पायी ओलांडता येईल अशा पहिल्या पुलापर्यंत किंवा बोगद्यापर्यंत नेण्याची मुभा दिली आहे. नैर्ऋत्येच्या पायवाटेवर मात्र अनेक मुखे होडीने ओलांडावी लागतात, आणि होडी हाही वाटेचाच भाग मानला जातो. कोकणात ही सोय तयारच आहे. वेसवी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, आगरदांडा ते दिघी अशा फेरीबोटी चालतात आणि त्यांत मोटारींबरोबर पायी माणसेही चढतात. कोकणच्या सलग पायवाटेचा विचार कधी झाला, तर खाड्यांचा प्रश्न आपल्याकडे अर्धाअधिक सुटलेला आहे असे म्हणायला हरकत नाही.

काही जागी वाट जाऊच नये. वेळास आणि आंजर्ल्याच्या पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. रात्री तिथे दिवे आणि वर्दळ नको. कोळीवाड्यांसमोरची वाळू मासळी सुकवण्याची आणि होड्या ओढून ठेवण्याची जागा आहे. तिथे फिरणाऱ्यांचा हक्क सांगताना कोळ्यांची वहिवाट आधीची आहे हे विसरून चालत नाही. आपल्याकडे तर आणखी एक धोका आहे. सार्वजनिक प्रवेश म्हटले की ठेकेदार गट्टू, कठडे, रंगीत दिवे आणि सेल्फी पॉइंट घेऊन हजर होतो. सलग वाटेला यातले काहीच लागत नाही. तिला दिशा दाखवणारा दगड, कुंपणात माणूस जाईल एवढी फट आणि ओहोळावर एखादा साकव पुरतो.

आपल्या नियमांत काय आहे, काय नाही

भारतात किनाऱ्यासंबंधीचा मुख्य नियम म्हणजे सीआरझेड, अर्थात सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना. ती १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पहिल्यांदा निघाली आणि पुढे २०११ व २०१९ मध्ये नव्याने काढली गेली. तिचा रोख बांधकामावर आहे: भरतीरेषेपासून किती अंतरात काय बांधता येईल. पण १९९१ च्या परिशिष्टात रिसॉर्टबद्दल एक महत्त्वाची अट होती. दोन शेजारी रिसॉर्टच्या मध्ये लोकांना किनाऱ्यावर जाता यावे म्हणून किमान वीस मीटर रुंदीची मोकळी जागा असावी, आणि खाजगी जागेभोवतीच्या कुंपणाने लोकांची किनाऱ्यावरची ये-जा अडू नये.

ही अट चांगली आहे, पण ती किनाऱ्याला आडवी जाणारी वाट देते, म्हणजे रस्त्यावरून पाण्यापर्यंत उतरण्याची. किनाऱ्याला समांतर, एका गावातून दुसऱ्या गावात नेणारी वाट जोडून देण्याचे काम या नियमांनी कोणत्याही एका यंत्रणेवर टाकलेले नाही. दोन्ही वाटा लागतात. आडवी नसेल तर समांतर वाटेवर चढता येत नाही, आणि समांतर नसेल तर आडव्या वाटेने उतरून आल्या पावली परत जावे लागते. त्यातही किनारा व्यवस्थापनाचे मुख्य नकाशे १:२५,००० या प्रमाणात असतात. त्यावर एक मिलिमीटर म्हणजे पंचवीस मीटर. वीस मीटरची मोकळी जागा तिथे मिलिमीटरहूनही कमी भरते. ती आहे की बुजवली, हे पाहायचे तर गावनकाशाच पुढ्यात घ्यावा लागतो.

जमीन महसूल संहितेचे तेच कलम २० नागपूरच्या तलावांच्या तळालाही लागू आहे, आणि काठावर चालण्याचा प्रश्नही लहान प्रमाणात तोच आहे. गांधीसागराला चारी बाजूंनी दगडी भिंत आणि कठडा आहे, काठाची रेषा वादातीत आहे, म्हणून तिथे फेरी मारता येते. अडथळा होतो तो वाहनांचा आणि खाण्याच्या गाड्यांचा. फुटाळ्याला आपण चौपाटी म्हणतो ती एका काठाची. बाकीच्या काठाला कृषी विद्यापीठाची जमीन आणि झाडी लागते, आणि तिथे प्रश्न आहे तो संस्थेच्या हद्दीतून वाट मागण्याचा, वेल्समध्ये लष्कराकडे मागावी लागली तसा. अंबाझरीच्या पाळीवर सकाळी फिरणाऱ्यांची गर्दी असते, पण पाळ हे मुळात धरणाचे बांधकाम आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तलाव ओसंडून नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरल्यानंतर पाळीची सुरक्षितता ही फिरणाऱ्यांच्या सोयीच्या आधी येते, हे कोणालाही पटेल.

तलावांच्या बाबतीत नागपूरकरांना एक सोय आहे जी किनाऱ्यावरच्या लोकांना नाही: इथे भरतीरेषा रोज बदलत नाही. तलाव भरल्यावर पाणी कुठवर येते ती पातळी पाटबंधाऱ्याच्या किंवा महापालिकेच्या कागदांवर असते, आणि तलावाची हद्द नगर भूमापन कार्यालयातल्या नकाशावर व मिळकत पत्रिकेवर. काठाची वाट मागणाऱ्याने सुशोभीकरणाच्या आराखड्याआधी या दोन्ही गोष्टी मागाव्यात आणि शक्य असेल तर सरकारी मोजणी करवून घ्यावी. पाण्याची रेषा आणि हद्दीची रेषा यांच्यामध्ये किती मीटर जागा उरते, आणि ती कोणत्या टप्प्यावर शून्य होते, हे त्या मोजणीच्या नकाशावर दिसते. जिथे शून्य होते, बोलणी तिथल्या मालकाशी करावी लागतात.